दिवाडीला, टीव्ही ऐकायला

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरी सुटली तेव्हा
माझ्या हातात दिवा होता,
खोक्यात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला.
शेजारच्याने विचारलं, अंडी का?
म्हटलं, हो.
समजावून सांगण्याइतकी नदी तिथे रुंद नाही.

कायतानच्या तावेर्नात तो पन्नास इंची पेटारा
कुवेतहून आला तेव्हा चौघांनी उचलला होता.
त्यातले दोघे आता चर्चमागे निजलेत.
"आवाज करता," तो ग्लास पुसत म्हणाला.
कसला?
"आवाज म्हणजे आवाज, बाब."

तीस वर्षं मी हेच करतो. आधी कान, मग हात.
पंखा धूळ खाऊन घशात बोलतो, त्याला ब्रश पुरतो.
टक् टक् टक्, आणि पुढे काळोख,
म्हणजे ठिणगी दिव्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरते आहे.
तापलेलं प्लॅस्टिक निवताना कट्‌कन मोडतं बोटासारखं,
ते दुखणं नव्हे, पण लोक त्यालाच जास्त घाबरतात.
फट्ट झालं, तर मला बोलावण्याआधी खिडक्या उघडा.
आणि एक वरचा सूर:
लाल, हिरव्या, निळ्या काचांचं चक्र,
जुन्या रुपयाहून जरासं मोठं,
एका सेकंदात शंभरावर गिरक्या घेतं,
आणि बेअरिंग झिजलं की किंचाळतं.
तो मी दारातूनच ओळखायचो.

टीव्ही लावला. पडद्यावर आधी करडं, मग हिरवळ,
कुठल्याशा देशातला फुटबॉल.
मागची जाळी काढून कान लावला.
पंखा. ठीक.
"आयकलें?"
मी मान अशी हलवली
की हो आणि नाही दोन्ही व्हावं.

काही नव्हतं.
म्हणजे होतं, कारण बाकावरचे दोघे दात आवळून पीत होते
आणि मांजर उठून बाहेर गेलं.
स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ दातांत धरली,
टोक चक्राच्या घरावर टेकवलं.
थरथर आली जबड्यापर्यंत.
सूर आला नाही.

मग आठवलं,
गेलं वर्षभर घड्याळाचा गजर
बायकोच बंद करते.

फ्रीजला टेकून कायतानची नात गणितं करत होती, जोविता.
हळूच विचारलं, तुला येतो?
तिने माझ्याकडे पाहिलं, मग पेटाऱ्याकडे.
करून दाखव.
तिने ओठ ताणले आणि एक ई काढली,
सुईत ओवावी इतकी बारीक,
मध्ये एक खर्र, आणि पुन्हा ई.
निदान मला तिचं खर्र ऐकू आलं.
ई मी तिच्या गळ्याच्या शिरेवर पाहिली.
खर्र कितीदा?
तिने डोळे मिटून बोटं मोडली.
"पंधरा आकड्यांक एकदां. तापल्यार चड."

पुरे. बेअरिंग. दिवा नव्हे, अंडी परत न्यायची.
चक्र आता कोणी बनवत नाही.
मडगावच्या एका मेलेल्या सेटमधलं
माझ्याकडे डब्यात आहे, कापसात.
येत्या आयतारी बसवतो म्हटलं.
कायतान खूश. "तुजो कान म्हळ्यार भांगर, बाब!"
भांगर, म्हणजे त्यांचं सोनं.
एक काना पुढच्या अक्षरावर सरकवला
की आमच्या भाषेत काय होतं, ते मी बोललो नाही.
जोविताही काही बोलली नाही.
वहीत मान घालून तिने हातचा एक घेतला.

बंद केल्यावर पंखा मिनिटभर फिरत राहतो, दिवा निवेपर्यंत.
लगेच प्लग काढू नका, मी सगळ्यांना सांगतो.
आज उभाच राहिलो,
हात जाळीवर,
वारा थांबेपर्यंत.

परतताना फेरीचं इंजिन पोटात ऐकू आलं, चांगलं ठणठणीत.
वर एक घार गोल फिरत होती.
तिची चोच उघडत होती, मिटत होती.